कुत्बुद्दीन मुबारकशाहाचीं नाणीं

दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशाह खिलजी यानें इ. स. १३१६ ते १३२० अशीं अवघीं चार वर्षें राज्य केलें. अल्लाउद्दीनाचा विलासी पुत्र आणि खुस्रोखान या आपल्याच आश्रिताकडून मारला गेलेला राजा, एवढीच त्याची ओळख झियाउद्दीन बरनीच्या इतिहासावरून रूढ झाली आहे. परंतु बरनीचा ग्रंथ इ. स. १३५७ च्या सुमाराचा, म्हणजे सुमारें चाळीस वर्षांनंतरचा आहे. खुद्द राजाच्या हयातींतला साक्षीदार म्हणजे त्याचीं नाणीं; त्यांची जबानी घेतल्यावांचून निर्णय करणें न्याय्य नव्हे.

त्या काळीं ठरीव वजनाची धातूची चकती खालच्या ठशावर ठेवून, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालीत. कडेचीं अक्षरें पुष्कळदां चकतीबाहेर जात. आणि टांकसाळीचें नांव व सन बहुधा कडेलाच असत. यास्तव एका प्रकारचीं अनेक नाणीं शेजारीं ठेवूनच पूर्ण लेख जुळवावा लागतो.

हिजरी ७१६ च्या नाण्यांवर मुबारकशाह स्वतःस ‘यमीन-उल्-खिलाफत’, म्हणजे खिलाफतीचा उजवा हात, म्हणवितो. हें बिरुद बापाचेंच होय. हिजरी ७१७ पासून मात्र तो ‘खलीफतुल्लाह’ होतो, ‘अल्-वासिक बिल्लाह’ हें खलिफांच्या धर्तीचें नांव धारण करतो, आणि दिल्लीस ‘दारुल्-खिलाफत’ म्हणतो. बगदादचा खलीफा इ. स. १२५८ मध्यें मारला गेला, तरी त्याचें नांव दिल्लीच्या नाण्यांवर पुढें कित्येक वर्षें चालू होतें. खिलाफत स्वतःकडे घेण्याचें धाडस दिल्लीच्या पूर्वीच्या एकाहि सुलतानानें केलें नव्हतें. सुमारें ११ ग्रॅम वजनाच्या टंक्यांत गोलांबरोबर चौकोनी नाणींहि त्यानें पाडलीं.

टांकसाळीच्या आंतील साक्षहि सुदैवानें उपलब्ध आहे. दिल्लीच्या टांकसाळींत अधिकारी असलेला जैन पंडित ठक्कुर फेरू यानें इ. स. १३१८ मध्यें, याच राजाच्या कारकीर्दींत, ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत पद्यग्रंथ रचिला. त्यांत नाण्यांचीं वजनें, कस व मोल दिलें असून खुद्द कुत्बुद्दीनाच्या नाण्यांचेहि पुष्कळ प्रकार नोंदले आहेत. चार वर्षांच्या राज्यांत टांकसाळ किती जागती होती, हें यावरून दिसतें.

महाराष्ट्राशीं या नाण्यांचा संबंध कटु आहे. यादवांचा जामात हरपाळदेव याचा इ. स. १३१८ च्या सुमारास क्रूरपणें वध करवून मुबारकशाहानें देवगिरी खालसा केली. त्याच्या नाण्यांवर येणारें ‘कुत्बाबाद’ हें टांकसाळीचें नांव देवगिरीचेंच होय. राजवंश बुडाला, तसें नगराचें नांवहि नाण्यावरून पुसलें गेलें.

नाणें राजाचा दावा सांगतें, त्या दाव्याला किती मान मिळाला हें सांगत नाहीं. इ. स. १३२० मध्यें गादीवर आलेल्या घियासुद्दीन तुघलकानें ‘अमीर-उल्-मोमिनीनांचा साहाय्यक’ एवढेंच जुनें बिरुद पुन्हां घेतलें. म्हणजे मुबारकशाहाची खिलाफत त्याच्याबरोबरच संपली. तथापि असा दावा करून तो दूरच्या प्रांतांतील टांकसाळीपर्यंत पोंचविणारा राजा केवळ विलासांत बुडालेला होता, हें बरनीचें चित्र अपुरें ठरतें. तो क्रूर होता, विलासीहि असेल. पण राज्यकर्त्याची महत्त्वाकांक्षा त्याच्या ठायीं होती, हें त्याच्या टंक्यांवरच कोरलेलें आहे.