कळीचे स्थित्यंतर : खेळयंत्रापासून घरगुती आर्केडपर्यंत

यंत्रांचा इतिहास लिहिताना यंत्र बंद करण्याच्या कळीकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. आर्केड खेळयंत्राच्या कपाटात संगणक बसवून घरी खेळणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. त्यांच्या अडचणीत संगणकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे स्थित्यंतर दडलेले आहे. ते उलगडून दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१९७८ साली जपानच्या तायतो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आणला. त्याची आज्ञावली केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत कायमची कोरलेली असे. वीज तोडल्यास नोंदलेला उच्चांक पुसला जाई. यापलीकडे हानी नसे. प्रवाह मिळताच यंत्र पुन्हा आरंभापासून चालू होई. म्हणून पडदा, दिवा व खेळाचे मंडल या सर्वांस एकच कळ पुरे. १९८१ च्या आयबीएम पीसीची लाल कळदेखील मुख्य प्रवाहच तोडीत असे.

पुढे संगणकाची लेखनाची रीत पालटली. वेग वाढावा म्हणून लिहावयाचा मजकूर काही काळ तात्पुरत्या स्मृतीत राखून मग तबकडीवर उतरविला जाऊ लागला. या मधल्या क्षणी वीज गेली, तर तबकडीवरील नोंदी अर्धवट राहतात. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये या अवस्थेचे बोलके चिन्ह आढळते. आवराआवर संपल्यावर, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशी सूचना पडद्यावर येई. केव्हा थांबावे हे यंत्रास कळत होते. स्वतःची वीज तोडण्याचे साधन मात्र त्या काळच्या बहुतेक यंत्रांजवळ नव्हते.

ते साधन त्याच वर्षी इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेने पुरविले. या रचनेत संगणक बंद असतानाही जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा अल्प प्रवाह मदरबोर्डास मिळत राहतो. मदरबोर्डाने हिरवी तार शून्य पातळीवर ओढली, की पॉवर सप्लाय पूर्णपणे जागा होतो. ती सोडली, की निजतो. पुढील बाजूचे बटण आता केवळ संकेत देते. १९९६ च्या एसीपीआय प्रमाणकाने त्या संकेताचा अर्थ लावण्याचे काम कार्यप्रणालीकडे सोपविले. बटण ४ सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास सक्तीने वीज तुटते, एवढाच जुन्या अधिकाराचा अवशेष उरला. सारांश, पूर्वी जी आज्ञा होती तिची विनंती झाली.

१९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली आणि जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. तो संगणक कपाटात शिरताच दोन युगांची गाठ पडली. कपाटास एकच कळ हवी. संगणकास निरोपाची सवड हवी. यावर निघालेले उपाय विचारात घेण्याजोगे आहेत. मदरबोर्डावरील दोन खिळ्यांपासून तारा काढून कपाटावर साधे दाबबटण बसवितात. या तारांत मुख्य प्रवाह नसल्याने धोका अल्प असतो. पडदा, ध्वनिवर्धक व माथ्यावरील नामफलकाचा दिवा यांचा मुख्य प्रवाह रिलेमार्फत सोडतात, आणि त्या रिलेस संगणकाच्या १२ व्होल्टच्या तारेवरून चालना देतात. संगणक निजला की बाकीचेही आपोआप विझतात. येथे रिलेची क्षमता व मुख्य प्रवाहाच्या तारांचे बंदिस्त आच्छादन यांत हयगय चालत नाही.

तिसरा उपाय बायोसमधील आहे : गेलेली वीज परत येताच संगणकाने स्वतः सुरू व्हावे, अशी योजना त्यात करता येते. परंतु तिने कपाटाची कळ अर्धीच परत मिळते. भिंतीवरील कळीने संगणक चालू करता येतो. त्याच कळीने तो सुरक्षितपणे बंद करता येत नाही. चालू करणे व बंद करणे या दोन क्रिया एकमेकींच्या नुसत्या उलट राहिल्या नाहीत, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

२०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकास बटणच नव्हते. चालू स्थितीत वीज तोडल्यास त्याच्या स्मृतिपत्रिकेवरील नोंदी बिघडण्याची भीती असे. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत बटण आले. तेव्हा कळीचे स्वरूप विजेच्या गरजेपेक्षा स्मृतीच्या प्रकाराने ठरते, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या यंत्रास स्वतःच्या नोंदी राखावयाच्या आहेत, त्यास थांबण्यापूर्वी अवधी द्यावाच लागतो.