'रॉकेट ८८' आणि फाटलेल्या कर्ण्याचा आवाज

रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, या प्रश्नाच्या उत्तरात १९५१ सालच्या 'रॉकेट ८८'चे नाव वारंवार घेतले जात असले, तरी पहिलेपणाचा हा मान फारसा टिकणारा नाही; कारण या गाण्याचा सांगाडा जिमी लिगिन्स यांच्या १९४७ मधील 'कॅडिलॅक बूगी'वरून उचललेला होता, फॅट्स डॉमिनो यांचे 'द फॅट मॅन' १९४९च्या डिसेंबरातच मुद्रित झाले होते, आणि ज्यांच्या वाद्यवृंदाने 'रॉकेट ८८' वाजवले ते आइक टर्नरही त्याला रॉक अँड रोल न म्हणता ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकीला नाचाचा ठेका देणारे संगीत, असेच म्हणत. त्याचे खरे महत्त्व मुद्रणाच्या वेळी घेतलेल्या एका निर्णयात आहे.

१९५१च्या मार्चमध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलचा हा तरुण वाद्यवृंद मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत पोहोचला, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर, म्हणजे विद्युत गिटारचा क्षीण स्वर वाढवून ऐकवणारी पेटी, बिघडलेला होता. तो मोटारीवरून पडला की पावसात भिजला, याविषयीच्या हकिकती जुळत नाहीत. परंतु आतील कर्ण्याचा कागदी शंकू फाटला होता आणि फिलिप्स यांनी त्यात कागद कोंबून काम चालवले, याविषयी दुमत नाही. त्यातून निघणारा स्वर खरखरीत आणि जाडाभरडा होता. दुसऱ्या एखाद्या मुद्रकाने गिटार मागे ढकलली असती किंवा मुद्रणच पुढे ढकलले असते. फिलिप्स यांनी मात्र हाच स्वर पुढे आणला आणि बूगी-वूगीमध्ये पियानोवादकाचा डावा हात खर्जात जी स्वराकृती अखंड फिरवत राहतो, ती या फाटक्या आवाजाच्या गिटारवर ठळकपणे ऐकू येऊ दिली. गिटारचा स्वर याआधी कोणी विकृत केलाच नव्हता असे नाही. पण दोष हाच गुण मानून त्यावर गाणे उभे करण्याची ही वृत्ती पुढे रॉक संगीताच्या अंगवळणी पडली.

ओल्ड्समोबाइल कंपनीच्या नव्या मोटारीची तारीफ करणारे हे गाणे सॅक्सोफोनवादक जॅकी ब्रेन्स्टन यांनी गायले होते, आणि शिकागोच्या चेस कंपनीने ध्वनिमुद्रिकेवर 'जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स' असेच नाव छापल्याने टर्नर यांचे नाव कलावंत म्हणून कोठेच आले नाही, याची खंत त्यांना राहिली. जूनमध्ये ती ऱ्हिदम अँड ब्लूजच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. श्रोत्यांच्या वर्णानुसार याद्या वेगळ्या ठेवणाऱ्या त्या काळात गोऱ्यांच्या कंट्री संगीतात रमलेल्या बिल हेली यांनी त्याच वर्षी हे गाणे स्वतः मुद्रित केले, ही घटना तीन वर्षांनंतरच्या त्यांच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'कडे जाणारी वाट दाखवते.

फिलिप्स यांच्यापुरता परिणाम अधिक व्यावहारिक होता. आपण केलेली मुद्रणे दुसऱ्यांना विकण्यापेक्षा स्वतःच प्रसिद्ध करावीत, या विचाराला या यशाने बळ दिले. १९५२ मध्ये त्यांनी सन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि १९५४च्या जुलैमध्ये त्याच स्टुडिओत एल्विस प्रेस्ली यांचे पहिले व्यावसायिक गाणे मुद्रित झाले. टर्नर यांच्या पियानोची सुरुवातही वाया गेली नाही. लिटल रिचर्ड यांनी ती 'गुड गॉली, मिस मॉली'साठी घेतली आणि तसे मोकळेपणाने मान्यही केले.