संश्लिष्ट तंतूंचा उत्कर्ष : आलेखवाचन (जालना जिल्हा)

नायलॉन, पॉलिएस्टर इत्यादी, खनिज तेलजन्य द्रव्यांपासून रासायनिक संश्लेषणाने सिद्ध होणाऱ्या तंतूंनी कापसाच्या बाजारात कसा शिरकाव केला, हे आकडेवारीच्या आलेखांवरून समजून घेण्याची पद्धती. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांनी, तर टेरिलीन हा पॉलिएस्टर तंतू १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी सिद्ध केला. भारतात १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कापसाकडचे झुकते माप कमी करून या तंतूंची वाट मोकळी केली.

जगाच्या एकूण तंतुवापरात कापसाचा वाटा १९६० च्या सुमारास दोन तृतीयांश होता, तो आता एक चतुर्थांशाहूनही कमी झाला आहे. आणि हा उतार शेकडेवारीच्या आलेखावर पाहणाऱ्या जालन्याच्या कास्तकारास आपले पीक मोडीत निघाले असेच वाटावे. परंतु तोच हिशेब टनांत मांडला, की कापसाची रेषा याच काळात सुमारे १ कोटी टनांवरून अडीच कोटींच्या आसपास चढलेली दिसते. कापूस घटला नाही; वाढत्या मागणीचा फार मोठा हिस्सा मात्र पॉलिएस्टरने उचलला. शेकडेवारीचा आलेख एकटाच छापणे हे अर्धसत्य म्हटले पाहिजे.

पॉलिएस्टरची रेषा कापसाच्या रेषेस २००२ च्या सुमारास ओलांडते. आणि योगायोग असा, की बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात स्थापिलेल्या महिको कंपनीच्या बीटी कापूस वाणांना केंद्र सरकारची परवानगी मिळाली तीही त्याच साली. पुढे भारताचे उत्पादन २००२-०३ मधील सुमारे १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाखांच्या घरात गेले; मात्र या चढाचे सारे श्रेय बियाण्यास देणाऱ्यांनी सिंचन, पाऊसमान व वाढलेले क्षेत्र यांचे स्तंभही शेजारी काढून पाहावेत.

जिल्ह्यापुरता आलेख काढणे अधिक जिकिरीचे. बाजार समितीच्या दप्तरात आवक सरकीसह कापसाची, क्विंटलांत नोंदलेली असते. जिनिंगमध्ये त्यातून सुमारे तिसरा हिस्सा रुई निघते आणि प्रेसिंगनंतर तिची १७० किलोची गाठ बांधली जाते, तर अमेरिकी तक्त्यांतील गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची. शिवाय कापसाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे आकडे औरंगाबादच्या, आणि परतूरपुरते परभणीच्या, तक्त्यांतून तालुकावार वेचून जुळवावे लागतात, नाहीतर त्या वर्षापाशी रेषेत जो खंड पडतो तो पिकाचा नसून महसुली हद्दीचा असतो.

‘मानवनिर्मित तंतू’ या सदरात रेयॉनही येतो. तो लाकडाच्या लगद्यापासून होत असल्याने संश्लिष्टांच्या रेषेत मिसळू नये. कारण १९६० च्या सुमारास त्याचे वजन सर्व संश्लिष्ट तंतूंच्या एकत्रित वजनाहून कितीतरी अधिक होते, आणि तो मिसळल्यास संश्लिष्टांची वाढ आहे त्याहून संथ भासते.