दोन कोअरचा हिशोब

२००५ च्या जूनअखेर, गेमिंगसाठी मशीन बांधायला निघालेल्या आणि खिशात भरपूर पैसे असलेल्या माणसापुढे एक मजेदार पेच होता. एएमडीचे दोन प्रोसेसर, किंमत जवळपास सारखीच, हजार डॉलरच्या आसपास. ॲथलॉन ६४ एफएक्स-५७ मध्ये एकच कोअर, पण २.८ गिगाहर्ट्झचा. ॲथलॉन ६४ एक्स२ ४८००+ मध्ये दोन कोअर, पण २.४ चे. घ्यायचा कुठला?

आज हा प्रश्न कुणाला पडणारही नाही. पण तेव्हा "गेमच खेळायचेत ना? मग सिंगल कोअर घे" हा सल्ला अगदी रास्त होता. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

त्याआधी वर्षानुवर्षं प्रोसेसरचा वेग वाढतच होता. प्रोग्रामरने काही न करता त्याचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर आपोआप जोरात पळायचा. इंटेलने २००० साली पेंटियम ४ आणला तेव्हा तर पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जायची भाषा चालली होती. पण ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तशी त्यांतून वीज गळायला लागली आणि चिप तापायला लागली. पेंटियम ४ ची गाडी ३.८ वर अडकली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत रद्द केला आणि सीईओ क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत स्टेजवर चक्क गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली!

वेग वाढत नाही, पण ट्रान्झिस्टर मात्र अजून जास्त-जास्त मावतायत. मग एकाऐवजी दोन कोअर द्या! सर्व्हरच्या जगात आयबीएमने हे २००१ मध्येच पॉवर४ मध्ये केलं होतं. मे २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा एक्स२ घरगुती मशीनपर्यंत पोचले.

सर्व्हरला हे सोपं पडतं, कारण शंभर लोकांची शंभर कामं एकमेकांवर अवलंबून नसतात. गेमचं तसं नाही. कीबोर्ड वाचा, पात्रं हलवा, कोण कुणावर आपटलं ते बघा, मग चित्र काढा. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचं उत्तर लागतं. पोळ्या एकाने लाटाव्या, दुसऱ्याने भाजाव्या हे जमतं. पण कणीक भिजेपर्यंत दोघंही बसूनच!

आता आकडेमोड. ग्राफिक्स कार्ड अडवत नाहीये असं धरू. एक्स२ ला एका फ्रेमला १०० एकक वेळ लागतो आणि सगळं काम एकाच कोअरवर आहे. एफएक्स-५७ तेच ८६ मध्ये संपवेल. एक्स२ ने त्याला गाठायचं तर फ्रेमचं साधारण २९ टक्के काम दोन्ही कोअरवर निम्मं-निम्मं वाटता यायला हवं. २००५ मधले बहुतेक गेम याच्या आसपासही नव्हते. उलट काही गेम दोन कोअरवर अडखळायचे, कारण दोन कोअरची घड्याळं जुळायची नाहीत. त्यासाठी एएमडीला वेगळं सॉफ्टवेअर द्यावं लागलं.

म्हणजे एक्स२ घेणारा गेमर खरं तर पुढे लिहिल्या जाणाऱ्या कोडवर पैसे लावत होता. मार्च २००५ मध्येच हर्ब सटर यांनी एका गाजलेल्या लेखात प्रोग्रामरना सांगितलं होतं, की फुकटची मेजवानी संपली. आता वेग हवा असेल तर तुमचा कोड तुम्हीच वाटा.

तो वाटला गेला, पण सावकाश. नोव्हेंबर २००५ मध्ये तीन कोअरचा एक्सबॉक्स ३६० आला आणि गेम कंपन्यांना पळवाट उरली नाही. क्वेक ४ ला पॅचमधून दुसऱ्या कोअरचा आधार मिळाला. जानेवारी २००६ मध्ये खुद्द एफएक्स मालिकाच एफएक्स-६० च्या रूपाने ड्युअल कोअर झाली. जुलैमध्ये कोअर २ ड्युओ आला आणि वादच मिटला, कारण त्याचा एकेक कोअरही जुन्यांपेक्षा सरस होता. २००८ च्या जीटीए ४ ने तर किमान गरज म्हणूनच ड्युअल कोअर मागितला.

म्हणून एफएक्स-५७ वाल्याला हसू नका. त्या दिवसाच्या गेम्ससाठी त्याचा हिशोब बरोबर होता, फक्त तो फार दिवस टिकला नाही. आणि आपण कोड लिहिणाऱ्यांचं म्हणाल, तर तेव्हा हार्डवेअरवाल्यांनी अर्धं काम आपल्या गळ्यात टाकलं. आज सोळा कोअरच्या मशीनवर आपला प्रोग्राम एकाच कोअरला घाम फोडत असतो, तेव्हा ते अजून बाकीच आहे असं समजायचं.