सपाट बाजू आणि फिरता अक्ष : मापनाच्या साक्षीचा विचार

दोन प्रती एकमेकींशीं जुळल्या म्हणजे पाठ शुद्ध ठरतो काय, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संग्राहकांस नित्य पडतो. धातूच्या वस्तूंच्या मापनाचा इतिहास पाहतां तेथेंहि हाच प्रश्न उभा राहिलेला दिसतो. प्रस्तुत लेखांत त्याचें एकच उदाहरण घेतलें आहे.

इ. स. १८२९ च्या सुमारास लंडन येथें हेन्‍री मॉडस्ले याच्या कारखान्यांत जेम्स नॅस्मिथ यानें षट्कोनी नटांच्या सहा बाजू कापणारें एक लहान यंत्र सिद्ध केलें. नट एक षष्ठांश फिरवावयाचा, बाजू कापावयाची, पुनः फिरवावयाचा, असा त्याचा क्रम. बाजू सारख्या झाल्या. परंतु नटाचें छिद्र ज्या अक्षावर आहे, त्याच अक्षाभोंवतीं त्या बाजू आहेत हें ठरवावें कसें?

मायक्रोमीटरची साक्ष येथें अपुरी आहे. समोरासमोरच्या बाजूंतील अंतर तिन्ही दिशांनीं २४ मिलिमीटर भरलें, तरी छिद्र एका अंगास सरकलेलें असूं शकतें. रुंदी कळली म्हणजे मध्य कळला असें नव्हे. फ्रान्त्स रॉयलो यानें १८७५ च्या आपल्या ग्रंथांत ज्या वक्रबाजूंच्या त्रिकोणाचा विचार केला, त्याची रुंदी सर्व दिशांनीं सारखी असते, पण तो वर्तुळ नव्हे.

दुसरी साक्ष डायलची. वस्तु अक्षाभोंवतीं फिरवावी आणि कांटा किती हलतो तें पाहावें. यास कारखान्यांत रनआउट म्हणतात. गोल वस्तूचा मध्य जितका सरकलेला असेल, त्याच्या दुप्पट कांटा हलतो. परंतु वरील नट निर्दोष असला, तरी बाजूचा मध्य अक्षापासून १२ मिलिमीटर व कोपरा सुमारें १३.८६ मिलिमीटर असतो. म्हणजे कांटा १.८६ मिलिमीटर हलणारच, व त्यांत शतांश मिलिमीटरांचा खरा दोष बुडून जाणार. म्हणून सपाट बाजूंविषयीं रनआउट न विचारतां अक्षापासून त्यांचें स्थान विचारणें हेंच योग्य.

हें स्थान थेट नोंदण्याचें साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलें. एडिंबरोच्या फेरांटी कंपनीचें निर्देशांक-मापक यंत्र १९५९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. १९७२ सालीं डेव्हिड मॅकमर्ट्री यानें काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस एंजिनाच्या नळ्या मोजण्याकरितां स्पर्शानें संकेत देणारी शलाका शोधून काढली. हल्लीं या यंत्रास सीएमएम म्हणतात.

त्याची रीत अशी. प्रथम छिद्रावर अनेक ठिकाणीं स्पर्श करून अक्ष ठरवावयाचा; नंतर प्रत्येक बाजूवर कांहीं बिंदु घेऊन तिचें अक्षापासून लंबांतर काढावयाचें. एका जोडींत तें १२.०३ व ११.९७ आलें, तर त्या दिशेनें मध्य ०.०३ मिलिमीटर सरकला आहे. तिन्ही जोड्यांचीं अशीं सरकणीं एकाच क्रमानें, ६० अंशांच्या अंतरानें, चिन्हांसह घेतलीं, तर मधलें सरकणें पहिल्या व तिसऱ्याच्या बेरजेइतकें भरलें पाहिजे. न भरल्यास तीन जोड्यांस एक मध्यच नाहीं. अशा वेळीं दोष छिद्राचा नसून बाजूंच्या परस्परसंबंधाचा आहे, असा निर्णय निघतो. डायल किंवा मायक्रोमीटर यांच्या एकट्या साक्षीवरून हा भेद कळला नसता.

तथापि यंत्रावर अंधविश्वास नको. अक्ष जर १० मिलिमीटर लांबीच्या छिद्रावरून ठरविला व मोजावयाची बाजू १०० मिलिमीटर दूर असली, तर त्या १० मिलिमीटरांत झालेली २ सहस्रांश मिलिमीटरांची चूक तेथें २० सहस्रांश होते. आधार आंखूड असला म्हणजे पुढचें सर्व सूक्ष्म गणित व्यर्थ जातें.

तात्पर्य, प्रतींची संख्या वाढवून मूळ पाठ सिद्ध होत नाहीं. त्या कोणत्या आदर्शावरून उतरल्या तें पाहावें लागतें. तसेंच मापनांतहि आंकड्यांच्या सूक्ष्मतेपूर्वीं अक्ष कशावरून ठरविला, हें विचारणें प्राप्त आहे.