ड्रॉवरमधलं बियाणं

ब्रिटनमध्ये घरोघरी ड्रॉवरमध्ये कागदी पाकिटांत जपलेलं बी हा नुसता माळीकामाचा छंद वाटतो. पण त्यामागे एका कायद्याची गोष्ट आहे.

1973 साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेलं आणि भाज्यांच्या वाणांची अधिकृत यादी आली. यादीत नाव नसेल, तर ते बियाणं विकता येईना. नोंदणीला पैसे लागत. परसातल्या जुन्या वाणासाठी ते भरणार कोण? सेंद्रिय बागकामाचे पुरस्कर्ते लॉरेन्स हिल्स यांनी वाट काढली: विकायचं नाही, सभासदांना वाटायचं. त्यातूनच आजची ‘हेरिटेज सीड लायब्ररी’ उभी राहिली. 1978 साली केंटमधल्या एका बाईंनी तिथे किरमिजी फुलांच्या ब्रॉड बीनचं बी दिलं. ते वाण टिकलं, कारण त्यांच्या घरात ते जपलं गेलं होतं.

जपायचं म्हणजे काय? ससेक्समधल्या मिलेनियम सीड बँकेत बी 15 अंश तापमानाला, 15 टक्के आर्द्रतेत वाळवतात आणि मग उणे 20 अंशांत ठेवतात. घरीही तत्त्व तेच: आधी कोरडं, मग थंड. ढोबळ नियम असा, की बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून तर आपल्याकडे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचे. घरीच बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली, हे तुम्ही ऐकलं असेल. इथल्या दमट सप्टेंबरात राखेचं काम सिलिका जेल करतं. शेंगा झाडावरच वाळू द्या, दाणे ताटात पसरा, ओव्हनमध्ये मात्र घालू नका. दाण्यात नख रुतेनासं झालं की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर वर्ष लिहा.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं का? भारतातून बी आणायला आता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आजीने बॅगेत सरकवलेली पुडी चालत नाही. म्हणजे इथल्या अलॉटमेंटवर कुणी वर्षानुवर्षं दुधी किंवा मेथी लावत असेल, तर तेच आपलं बियाणं. ‘गार्डन ऑरगॅनिक’ने ‘सोइंग न्यू सीड्स’ या प्रकल्पात मिडलँड्समधल्या अशाच स्थलांतरित बागकऱ्यांकडून बी आणि माहिती गोळा केली होती. पण प्रकल्प संपतात, आणि बरणीतलं बीही कायमचं टिकत नाही. कांद्याचं तर एक-दोन वर्षांतच उगवेनासं होतं. तेव्हा ओळखीच्या काका-काकूंकडे या हिवाळ्यात मूठभर बी मागा, आणि वसंतात पेरा.