पोस्टकार्डावरचा काळा रंग

पोस्टकार्ड ही गरिबाची वस्तू. १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं कार्ड निघालं. १८७९ साली ते पाव आण्यात हिंदुस्थानात आलं. लिफाफा नाही, झाकपाक नाही. पुढं त्याच्या एका अंगावर चित्र आलं. ते चित्र कुणाचं छापलं आणि कुणाचं नाही, हा इतिहास आपण तपासला पाहिजे. कारण लाखो माणसं म्युझियममधल्या मूळ चित्रापर्यंत कधीच पोचत नाहीत. त्यांच्यासाठी कार्डावर आलं तेवढंच चित्र, आणि कार्डावर आला तोच चित्रकार.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेची लाट उठली. पोलॉक, रॉथ्को, डी कूनिंग ही नावं पुस्तकांतून, कार्डांवरून जगभर गेली. आता कार्ड काय करतं ते पाहा. पोलॉकचं 'वन: नंबर ३१, १९५०' हे चित्र साडेसतरा फूट लांब, जवळजवळ नऊ फूट उंच. कार्डावर ते वीतभर उरतं. अ‍ॅड राइनहार्टची १९६० नंतरची काळी चित्रं पाच फूट बाय पाच फुटांची. त्यांत काळ्याच्या वेगवेगळ्या छटांचे नऊ चौकोन आहेत. समोर उभं राहून, डोळा स्थिरावू दिला तरच ते दिसतात. छापखान्याच्या चार शाईंत या छटा धरत नाहीत. कार्डावर उरतो एक काळा ठोकळा. म्हणजे काळ्यातला फरक ओळखायचा तर जवळ जावं लागतं. लांबून सगळे काळे सारखेच.

आता याच कार्डाची दुसरी बाजू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काळ्या माणसांना जमावानं झाडाला टांगून, जाळून मारलं जाई. त्याचे फोटो काढून पोस्टकार्डं विकली जात. प्रेताशेजारी उभे गोरे लोक कॅमेऱ्याकडे खुशाल बघतायत. तोंड लपवायची गरज कुणालाच नाही. लोक असलं कार्ड घरी, नातेवाइकांना पाठवायचे. १९०८ साली टपाल कायद्यात दुरुस्ती होऊन अशी कार्डं उघडी पाठवायला बंदी आली, तर ती लिफाफ्यात घालून जाऊ लागली. मे १९१६ मध्ये टेक्ससमधल्या वेको गावात जेसी वॉशिंग्टन या पोराला भर चौकात जाळलं. त्याचीही कार्डं निघाली. पण ड्यू बॉइस यांनी तेच फोटो आपल्या 'द क्रायसिस' मासिकात छापले आणि साऱ्या देशापुढं मारेकऱ्यांची अब्रू काढली. चित्र तेच, हात बदलले, अर्थ उलटा झाला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्या लोकांच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती.

अशा देशात १९०९ साली हार्लेममध्ये नॉर्मन लुईस जन्मला. जहाजावर राबला, शिंप्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री केली, आणि चित्रकार झाला. सुरुवातीला त्यानं गरिबांची, घराबाहेर काढलेल्यांची चित्रं काढली. पुढं त्याचं मत झालं, की चित्र काढून अन्याय मिटत नाही, त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं. मग चित्रानं चित्राचं काम करावं. १९४० नंतरच्या वर्षांत तो अमूर्ताकडे वळला. एप्रिल १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ३५' मध्ये अमूर्त चित्रकारांची तीन दिवस बैठक झाली. तिथं काळा चित्रकार हा एकटाच. त्या बैठकीतूनच मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या निषेधाचं पत्र निघालं, आणि जानेवारी १९५१ मध्ये 'लाइफ' मासिकात पंधरा बंडखोर चित्रकारांचा फोटो छापून आला. फोटोत सगळे गोरे. लुईस नाही. १९५५ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी प्रदर्शनात प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस त्याच्या 'मायग्रेटिंग बर्ड्स'ला मिळालं. तरी १९५८-५९ साली अमेरिकेची नवी चित्रकला म्हणून जे प्रदर्शन युरोपच्या आठ शहरांत फिरलं, त्यातल्या सतरा चित्रकारांत तो नव्हता. लोकांनी पसंत केला, पण निवडणाऱ्यांनी निवडला नाही. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

त्याचं १९६२ सालचं 'ईव्हनिंग रान्देव्हू' पाहा. लांबून बघाल तर लाल, पांढऱ्या, निळ्या रंगाचे ठिपके, धुकं. अमेरिकन झेंड्याचे रंग, छान दिसतात. जवळ जा. पांढरे ठिपके म्हणजे टोकदार टोप्या घातलेली क्लू क्लक्स क्लानची टोळी, लाल म्हणजे पेटलेली आग, निळा म्हणजे धूर. जुन्या कार्डावर मारेकरी तोंड दाखवत होते. लुईसनं त्यांचं तोंडच काढून घेतलं, आणि देशाच्या झेंड्यातच त्यांना उभं केलं.

आणि हा माणूस स्टुडिओत दडून बसला नाही. १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चाआधी रोमेअर बेअरडन वगैरे काळ्या चित्रकारांबरोबर त्यानं 'स्पायरल' हा गट काढला. १९६९ साली मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हार्लेमवर प्रदर्शन भरवलं आणि हार्लेमच्याच चित्रकारांची चित्रं बाहेर ठेवली. तेव्हा साठीला टेकलेला लुईस दारात निदर्शनाला उभा होता. १९७९ साली तो वारला. त्याचं मोठं, समग्र प्रदर्शन फिलाडेल्फियाच्या अकादमीत भरलं ते २०१५ साली. मेल्यावर छत्तीस वर्षांनी.

दोस्तहो, लुईसला दोन्हीकडून प्रश्न होते. गोरे म्हणत, अमूर्त ही आमची भाषा. आपले म्हणत, लोक मरतायत आणि तू रंग काय फासतोस? आपल्या लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या पोरांनाही हेच ऐकावं लागतं. प्रस्थापितांना आपल्याकडून फक्त वेदना हवी असते, विचार आणि रूप त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेलं. तेव्हा काय रंगवायचं हे आपण ठरवू. निदर्शनाला जायचं तेव्हा जाऊच. आणि कार्डावर कुणाला घ्यायचं ते दुसऱ्यावर सोडायचं नाही. आपलं आपण छापायचं, पाव आण्याच्या कागदावर का होईना.